रांधणारीची भूक कुठे जाते?

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

“ताई, घरात आम्ही पाच माणसं. संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. ऑफिसातून आले की दीड तास ओट्यापाशी. सगळे जेवायला बसतात, वा वा करतात, आणि माझ्या घशाखाली दोन घास उतरत नाहीत. सासूबाई म्हणतात, ‘घ्राणेन अर्धभोजनम्, हिचं वासानंच पोट भरतं.’ नवऱ्याला वाटतं मी करता करता खाते. देवाशप्पथ खात नाही, चमचाभर चाखते तेवढंच. तरी हल्ली मीठ जास्त पडतं ही तक्रार आहेच. बरं, रात्री अकराला मात्र पोटात कावळे ओरडतात. जेवताना जे नकोसं झालं होतं तेच गरम करायला ठेवलं की वासानं तोंडाला पाणी सुटतं. उभ्या उभ्या खाते, मग स्वतःचाच राग येतो. दोन महिन्यांपासून वजन उतरवायचं म्हणून दुपारचं जेवण निम्मं केलंय. पण परतीच्या वाटेवर एक बेकरी आहे. तिथला वास आला की पाय आपोआप वळतात. चारदा निश्चय केला, चारदा मोडला. माझ्यात मनोनिग्रह नाही, की नाकातच काही बिघाड आहे? – अर्धपोटी”

प्रिय अर्धपोटी,

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा मला हसू आलं, कारण तुम्ही बिघाड म्हणून जे जे लिहिलंय ते सगळं धडधाकट नाकाचं काम आहे. सासूबाईंचं वाक्य अर्धं बरोबर आहे. वासानं पोट भरत नाही, हे तुमचं अकरा वाजताचं पोटच सांगतंय. वासानं दुसरंच काहीतरी भरतं. ते काय, एवढं कळलं की निम्मा गुंता सुटेल.

सुरुवात संत्र्यापासून करू. मिशेल कबनाक नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं 1971 मध्ये एक साधा प्रश्न विचारला: भुकेल्या माणसाला संत्र्याच्या सरबताचा वास आवडतो, मग त्यालाच साखरेचं पाणी पाजलं तर? वास तोच, बाटली तीच, माणूस तोच. पण साखर पोटात गेल्यावर थोड्या वेळानं तो वास बेचव वाटू लागला, पुढे तर नकोसा झाला. आणि गोड पाणी तोंडात घेऊन थुंकून टाकायला लावलं, तर वास आवडता तो आवडताच राहिला. म्हणजे आवडनिवड ठरवणारा पोटात बसलाय आणि नाकाकडून वदवून घेतोय. आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक असावं. कंटाळलेल्या, आजारी माणसाची ‘अन्नावरची वासना उडाली’ असं आपण म्हणतो. शब्दांची कुळं शोधणारे काय म्हणायचं ते म्हणोत, मला त्या वासनेत वास ऐकू येतो.

पण तुमच्या पोटात तर काहीच गेलेलं नाही. मग वासना का उडाली?

इथे दुसरी गोष्ट येते, आणि ती रांधणाऱ्यांनाच भोवते. एडमंड रोल्स या मेंदूशास्त्रज्ञाच्या 1997 मधल्या प्रयोगात काही लोकांना एखाद्या पदार्थाचा, उदाहरणार्थ केळ्याचा, फक्त वास घ्यायला सांगितलं. खायचं नाही, गिळायचं नाही, पाच मिनिटं नुसता वास. तेवढ्यानं त्या पदार्थाचा वास आधीइतका आवडेनासा झाला. दुसऱ्या पदार्थाच्या वासाची गोडी मात्र फारशी कमी झाली नाही. यातली मेख अशी की वास येणं बंद झालं नव्हतं. वास येत होता, फक्त त्यातली ओढ गेली होती.

त्यांना पाच मिनिटं पुरली. तुम्ही दीड तास उभ्या असता.

आता तुमचंच स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. कांदा कढईत पडतो तेव्हा पहिल्या मिनिटाला तुम्हालाही छान वाटतं. कडा तांबूस व्हायला लागल्या की तो गोडसर वास येतो, मग त्यात लसूण, मग वाफ. दहा मिनिटांनी तुम्हाला तो जाणवतसुद्धा नाही, कारण नाक एकसारख्या वासाची दखल घेणं लवकरच सोडून देतं. तेवढ्यात दार उघडून कोणीतरी आत येतं आणि चपला काढता काढताच विचारतं, ‘काय केलंय आज? काय वास सुटलाय!’ त्या माणसासाठी तो वास पहिलाच आहे. तुम्ही तोच वास पाऊण तास अंगाखांद्यावर वागवताय, केसांत, बाह्यांवर, पदराच्या टोकावर. ताटात तो पुन्हा समोर आला की मेंदू म्हणतो, हे तर झालं. पोट रिकामंच असतं, आणि जेवण मात्र नाकाच्या हिशेबी उरकलेलं असतं. नवऱ्याला हा परिच्छेद वाचायला द्या. करता करता खाल्ल्याचा आरोप निदान मागे घ्यावा लागेल.

मिठाचंही लगेच सांगून टाकते, कारण ते याचंच भावंड आहे. मीठ ही जिभेची चव, तिथे नाकाचा संबंध थोडा. पण जीभही थकते. दर पाच मिनिटांनी खारट चाखलं की तिला खारटपणा कमी जाणवू लागतो, आणि हात डब्याकडे जातो. दिवसभराच्या थकव्यानं चाखणं वाढलं असेल तर मीठही वाढणारच. एकदाच चाखा, शेवटी, साध्या पाण्यानं चूळ भरून. त्याहून सोपं म्हणजे तक्रार करणाऱ्यालाच चमचा द्या.

आता रात्रीचे अकरा. दोन घासांवर उठलेली बाई तीन तासांनी भुकेली असणार, यात नवल कसलं? नवल आहे ते नाकाचं. रिकाम्या पोटातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक रक्तात वाढतं. ते भूक लागल्याची वर्दी देतं हे बहुतेकांना ठाऊक असतं. ते नाकाशीही बोलतं, हे कमी जणांना. नाकातून निघालेली वासाची खबर मेंदूत पहिल्यांदा जिथे पोचते, तिथे कपाळामागे खालच्या बाजूला दोन चिमुकले कंद असतात. या कंदांवर घ्रेलिनला ओळखणाऱ्या खुणा आहेत, पोट भरल्याचं सांगणाऱ्या लेप्टिनला ओळखणाऱ्या आहेत, आणि इन्सुलिनला ओळखणाऱ्या तर भरपूर. वास मेंदूत शिरतानाच पोटाचं मत त्यात मिसळलं जातं. माणसांना घ्रेलिन टोचून पाहिलं तेव्हा ती वास घेताना जास्त जोरानं हुंगू लागली. 2014 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उपाशी उंदरांमध्ये दाखवलं की भुकेच्या वेळी मेंदू स्वतःच गांजासारखी रसायनं तयार करतो, ती या कंदांतला लगाम सैल करतात, आणि मग उंदीर फिकट वासही पकडतो आणि खातोही जास्त. भुकेला कोंडा म्हणतात, तो कोंडा भुकेल्याला सुवासिक लागत असणार.

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग 2021 मधला. दालचिनीच्या बनचा वास आणि देवदाराच्या लाकडाचा वास वेगवेगळ्या प्रमाणात मिसळला. तसाच पिझ्झा आणि पाइनचा. लोकांनी सांगायचं, यात जास्त काय जाणवतंय, खाणं की लाकूड? मग त्यांना पोटभर बन किंवा पिझ्झा खायला घातला आणि पुन्हा तेच विचारलं. जे खाल्लं होतं त्याचा वास ‘जास्त’ वाटायला आता मिश्रणात त्याचं प्रमाण आधीपेक्षा वाढवावं लागलं. जे खाल्लं नव्हतं त्याच्याबाबत तसं झालं नाही. तुम्ही अकरा वाजता भांडं गरम करता तेव्हा हेच उलट्या बाजूनं चालतं. तीन तासांत कंटाळा विरलेला असतो, पोट रिकामं असतं, आणि आठ वाजता ज्याकडे पाठ फिरवली तोच वास नव्या नवलाईनं नाकात शिरतो. नाक तुमचंच आहे, मधल्या वेळात मालक बदललाय इतकंच.

यात झोपेचाही हात आहे. पत्रात तुम्ही झोपेबद्दल काही लिहिलं नाहीत, म्हणून अंदाजानंच विचारते: अकराला खाऊन झोपता किती वाजता? 2019 मधल्या एका अभ्यासात लोकांना एका रात्री चारच तास झोपू दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मेंदूतला वासाचा भाग अन्नाच्या वासांवर जास्त तल्लख झालेला दिसला, आणि समोर ठेवलेल्या खाण्यातून त्यांनी जास्त उष्मांकाचं उचललं. म्हणजे उशिरा खाणं, उशिरा झोपणं आणि दुसऱ्या दिवशीची बेकरी ही एकाच माळेतली मणी असू शकतात.

बेकरीकडे वळू. तुम्ही वळताच, मीही वळते.

इथे दोन अभ्यास एकमेकांच्या विरुद्ध बोलतात, आणि तुमचं उत्तर त्या विरोधातच आहे. 2019 मध्येच छापलेल्या एका अभ्यासात लोकांना कुकीसारख्या खमंग वासात अर्ध्या मिनिटाहून कमी ठेवलं, तर ते तसलंच खाणं जास्त निवडायचे. दोन मिनिटांहून जास्त ठेवलं, तर उलट त्यांचा कल फळासारख्या हलक्या खाण्याकडे झुकायचा. जणू वासातच हौस थोडी भागली. सासूबाईंचं सुभाषित इथे चपखल बसतं. पण 1997 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी पिझ्झाचा वास दहा मिनिटं दरवळू दिला होता. खाण्यावर एरवी निर्बंध न घालणाऱ्या लोकांवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. जे नेहमी मोजूनमापून, मन मारून खातात, त्यांनी मात्र वासानंतर जास्त खाल्लं. जास्त वास म्हणजे जास्त तृप्ती, हे त्यांच्या बाबतीत कोलमडलं.

आता तुमचं ते वाक्य, पत्रात जाता जाता लिहिलेलं: दुपारचं जेवण निम्मं केलंय. माझ्या मते तुमच्या सगळ्या तक्रारींचं मूळ तिथे आहे, ओट्यापाशी नाही. दुपारी अर्धपोटी राहिलेलं नाक संध्याकाळी सहा वाजता बेकरीसमोरून नेलंत तर ते काय करणार? बेकरीसमोरून चालायला लागतं अर्धं मिनिट, म्हणजे मोहात पडायला पुरेसं आणि कंटाळा यायला अपुरं. त्यावर मनोनिग्रहाची परीक्षा घेणं म्हणजे परीक्षार्थीला उपाशी ठेवून पेपर द्यायला लावणं. चारदा निश्चय मोडला म्हणता. मी म्हणेन, चारदा शरीरानं बरोबर उत्तर दिलं.

म्हणून पहिलं काम, दुपारचं जेवण पूर्ण करा. वजन उतरवायचं असेल तर त्याबद्दल वेगळं पत्र लिहा, पण दुपार कापून नको. आणि ऑफिसातून निघण्याआधी काहीतरी खा. मूठभर दाणे, एखादं फळ, जे जवळ असेल ते. मनोनिग्रह न करता बेकरी ओलांडता येते का, ते आठवडाभर बघा.

स्वयंपाक झाल्यावर ताबडतोब ताटावर बसू नका. गॅस बंद, झाकण घट्ट, आणि पंधरा-वीस मिनिटं स्वयंपाकघराच्या बाहेर. नुसतं बाहेरच्या खोलीत बसून उपयोग नाही, कारण वास तुमच्या कपड्यांत आहे. तोंड धुवा, वरचा कपडा बदला, खिडकीत किंवा गच्चीत जा. चालून आलात तर उत्तमच. परत आत याल तेव्हा तुम्हीही दारातून आत येणाऱ्यांपैकी एक असाल. शिजवताना खिडकी उघडी आणि पंखा चालू ठेवा हे सांगायला नकोच.

आणि ताटात एखादी गोष्ट अशी ठेवा जी तुमच्या नाकानं त्या संध्याकाळी पाहिलेलीच नाही. कापलेली काकडी, लिंबाची फोड, थंड दही, सकाळी केलेलं काही, दुसऱ्या कोणी केलेलं काही. कंटाळा त्या-त्या वासाचा असतो, सगळ्या जेवणाचा नसतो. म्हणून तर पोट फुटेस्तोवर जेवलेल्या माणसालाही शेवटी गोडाला जागा सापडते. पहिला घास या नव्या वस्तूचा घ्या. बऱ्याचदा तेवढ्यानं गाडी सुरू होते.

घास चावायलाही वेळ द्या, आणि हे मी आजीबाईंच्या चालीवर सांगत नाहीये. वास नाकपुडीतून येतो तसाच घशामागूनही वर चढतो. चावताना, गिळताना तोंडातली हवा मागच्या वाटेनं नाकात जाते आणि ज्याला आपण ‘चव’ म्हणतो त्यातला मोठा भाग तिथे घडतो. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञानं 1982 मध्ये हे नेमकं मांडलं: वास एकच इंद्रिय, पण तो बाहेरचं जगही सांगतो आणि तोंडातलंही. पटत नसेल तर नाक चिमटीत धरून एखादी फळाच्या स्वादाची गोळी चघळा. नुसती गोड लागेल. चिमूट सोडा, एका श्वासात ती संत्र्याची किंवा स्ट्रॉबेरीची होईल. मुलांना हा खेळ फार आवडतो, मोठ्यांना तर मुलांहून जास्त. दीड तास तुमच्या नाकानं सोसलं ते पुढच्या वाटेनं. मागची वाट अजून बरीचशी कोरी आहे, पण तिला चावण्याशिवाय हवा मिळत नाही. वास तीव्र असेल तर माणूस घासही थोडा लहान घेतो, असंही एका प्रयोगात दिसलंय. फरक पाच ते दहा टक्क्यांचा, म्हणजे फार नाही, पण जेवणभर चालणारा.

इथे माझंही एक सांगते. मागे मला पंधरा दिवस सर्दी होती, नाक पार बंद. त्या पंधरवड्यात मी जितकं चॉकलेट खाल्लं तितकं वर्षभरात खाल्लं नसेन. गोडी कळत होती, चॉकलेट कळत नव्हतं, आणि पुढच्या तुकड्यात सापडेल म्हणून मी पुढचा तुकडा मोडत होते. तेव्हापासून ‘वास गेला की माणूस कमी खातो’ हे वाक्य मी जपून वापरते. काहींची भूक मरते, काही जण मीठ-साखर वाढवून हरवलेली चव शोधत बसतात. 2017 मध्ये वास घालवलेल्या उंदरांचं वजन चरबीदार खाण्यावरही कमी वाढलं, ही बातमी खूप फिरली होती. ती वाचून नाकाला चिमटा लावून जेवण्याचा बेत कोणी करत असेल, तर उंदरांना सुखानं उंदीर राहू द्या.

रात्री अकराचा प्रश्न वरचं सगळं केल्यावर बहुधा आपोआप सौम्य होईल. तोवर एवढं करा: जेवताना खरंच दोनच घास गेले, तर आपलं ताट झाकून ठेवा आणि नऊ-साडेनऊला, बसून, दिव्याखाली, नीट जेवा. घरच्यांना सांगून. उरलंसुरलं उभ्यानं खाण्यात जी चोरी वाटते ती त्यातून निघून जाते. आणि तेव्हा अन्न गरम करूनच घ्या. थंड अन्नातून वास कमी सुटतो, वास कमी म्हणजे चव कमी, आणि मग समाधान शोधत हात पुन्हा भांड्यात जातो.

काही गोष्टींसाठी मात्र माझ्यावर विसंबू नका. सकाळी उठल्याउठल्या, नाक ताजं असताना, कॉफी किंवा साबण हुंगून बघा. काहीच आलं नाही, किंवा ओळखीचा वास जळका, कुजका वाटू लागला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. विषाणूजन्य तापानंतर असं होऊ शकतं, आणि बरेचदा ते हळूहळू भरूनही येतं. वासाच्या पेशी आयुष्यभर नव्यानं तयार होत राहतात. अशा वेळी डॉक्टर गंधसराव सांगतात. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग हे चार वास, दिवसातून दोनदा, किमान तीन महिने. 2009 पासून हीच पद्धत रुळली आहे. तोवर गॅस गळतोय का, अन्न नासलंय का, हे घरातल्या दुसऱ्या नाकाकडून तपासून घ्यायचं. न ठरवता वजन भराभर उतरत असेल, ओकारी येत असेल, फक्त संध्याकाळीच नव्हे तर तिन्ही त्रिकाळ अन्नावरची इच्छा गेली असेल, किंवा मनच कशात लागत नसेल, तरीही डॉक्टरांकडे जा. पाळी चुकली असेल तर आधी ते तपासा. तुमच्या पत्रावरून यातलं काही वाटत नाही, पण पत्र म्हणजे तपासणी नव्हे.

शेवटचा उपाय औषधाहून गुणकारी आहे, फक्त तो तुमच्या एकटीच्या हातात नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी ओट्यापाशी दुसरं कोणीतरी उभं राहू दे. ज्यांना तुमच्या चाखण्याचा संशय आहे त्यांच्यापासून सुरुवात करा. तुम्ही त्या वेळी घराबाहेर पडा, तासाभरानं या, आणि दारात चपला काढता काढता काय वास आला आणि किती घास गेले ते मला कळवा. त्यांच्या घशाखाली किती उतरले, तेही लिहा. मीठ कसं झालंय हे बघायला मध्येच आत मात्र जायचं नाही.

– तुमची ताई